तुमची भिंत कशी हाय?

शालन कांबळे या बाईचा मला हेवा वाटत असे, असं मी लिहिणार नाही. मला तिचा हेवा वाटतो. ती कॉलेज सोडून गेली, तिची खुर्ची मला मिळाली, प्रयोगशाळेच्या दारावर माझ्या नावाची पाटी लागली, तरी वाटतोच. साध्या पोटदुखीवर ओवा चालतो. या पोटदुखीवर आमच्या हिंडलगा गावात कुणाकडे औषध नाही, आणि असतं तरी मी ते मागायला गेलो नसतो.

दगडावर किती भार टाकला की तो फुटतो, डोंगर पोखरला की तो कुठल्या बाजूनं खाली येतो, खाणीची भिंत किती उभी कापली तर उभी राहते, हे आमचं शास्त्र. त्याला रॉक मेकॅनिक्स म्हणतात. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी ते शिकवत आलो. शालन येईपर्यंत बेळगाव ते निपाणी या टापूत या विषयातला शहाणा मीच होतो. दुसरं कोणी नव्हतंच, हा भाग वेगळा. पण घाटात दगड पडला की फोन मला येई, विहिरीला सुरुंग लावायचा की नाही ते मला विचारत, आणि मी बसल्या जागेवरून उत्तर देई. 'पाटील सरांना विचारा' हे वाक्य ऐकायची कानाला सवय झाली होती.

ती आली तेव्हा अंगावर साधी सुती साडी, पायात पोलिसाचे वाटावेत असे बूट, आणि खांद्यावर एक पिशवी. पिशवीत हातोडी, भिंग आणि शेंगदाणे-गुळाची पुडी. ही पुडी कधी रिकामी झालेली मी पाहिली नाही. खाणीच्या काठावर, सभेत, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, कुठंही ती पुडी उघडायची आणि आधी समोरच्याच्या हातावर दाणे ठेवायची. आता हातावर दाणे ठेवलेल्या माणसाशी भांडणार कसं? पुष्कळ कंत्राटदारांचं भांडण त्या दाण्यांत विरलेलं मी पाहिलंय. माझंही.

ती निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत राबून म्हातारी झालेली, आजोबा दुसऱ्यांच्या रानात राबलेले. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिच्या पदव्या ओळीनं लावलेल्या. आमच्या गावाकडे अशा माणसाचा हेवा करायचा असला तर लोकांना एक तयार कारण सापडतं. कट्ट्यावर ते कारण माझ्याही हातात देऊ करण्यात आलं. मी ते घेतलं नाही. यात माझा मोठेपणा नाही. मी तिचं काम रोज डोळ्यांनी बघत होतो, त्यामुळे ते कारण मला परवडणारं नव्हतं. माझा हेवा रोखठोक होता: ही बाई माझ्यापेक्षा चांगली होती.

पहिल्याच आठवड्यात मी तिला आमची कोअर शेड दाखवायला नेलं. डोंगरात यंत्रानं भोक पाडलं की दगडाची गोल कांडी वर येते, मनगटाएवढी जाड. तिला आम्ही कोअर म्हणतो. या कांड्या लाकडी पेटीत ओळीनं लावायच्या, वरची आधी, खालची नंतर. पेटी उघडली की डोंगराच्या पोटात काय आहे ते वाचता येतं. माझ्या पेट्यांचा मला अभिमान होता. ओळी गच्च भरलेल्या, मध्ये बोटभर फट नाही. बाहेरून तपासणीला आलेले लोक त्यांचे फोटो काढत.

ती पेट्यांसमोर उकिडवी बसली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "सर, ह्यो डोंगर लई गुणी दिसतोय."

"म्हणजे?"

"सगळाच्या सगळा वर आलाय. काईसुदीक मागं ठेवलं न्हाय."

मी काय ते समजलो, पण समजलो नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती सुताराकडून लाकडाचे टाकाऊ तुकडे घेऊन आली. लाल रंगात बुडवले, वाळवले, आणि खोदाईच्या नोंदी बघत माझ्या पेट्यांतल्या कांड्या सरकवून जिथं जिथं दगड वर आलाच नव्हता तिथं तेवढ्या मापाचा लाल ठोकळा बसवला. माझ्या गच्च पेट्यांना गोवर आल्यासारखं झालं.

"जे हाताला लागलं न्हाय त्याची जागा सोडायची," ती पोरांना सांगत होती. "पक्का दगड पेटीत येतोय. कच्चा पाण्याबरोबर वाहून जातोय. मग पेटी बघून डोंगर पक्का हाय म्हणायचं, आणि त्याच्या पोटात बोगदा काढायचा. झालं कल्याण."

हे पुस्तकात आहे. मी ते शिकवतही होतो. पण पोरांच्या ध्यानात राहिला तो तिचा लाल ठोकळा. पुढं वर्गात कोणी गैरहजर असलं की पोरं हजेरीला 'लाल ठोकळा' म्हणून ओरडू लागली. माझ्या एवढ्या वर्षांच्या शिकवण्यातलं एकही वाक्य पोरांनी असं उचललेलं मला आठवत नाही.

तिची दुसरी एक खोड होती. कुठलाही दगड, भेग, भिंत दोघांनी बघायची, पण एकमेकांना काही सांगायचं नाही. आधी एकानं बघून घ्यायचं, मग दुसऱ्यानं, आणि शेवटी दोघांनी आपापलं सांगायचं. मी सवयीप्रमाणे लांबूनच "हा बेसाल्ट, भेगा उभ्या," असं सुरू केलं की ती सरळ कानावर हात ठेवी. "आदी एकजण बोलला की दुसऱ्याचं डोळं बिगडत्यात, सर," म्हणे आणि पाठ करून उभी राही. एवढा शिकलेला माणूस मी, आणि मला ही बाई कान झाकून गप्प बसवत होती.

पण खरा हेवा या कशाचा नव्हता. खरा हेवा तिच्या एका शब्दाचा होता.

एकदा घाटरस्त्यावर दगड कोसळले. जीव कुणाचा गेला नाही, पण एका ट्रकचा टप चेपला. मोठे अधिकारी आले. आम्हा दोघांना बोलावणं होतं. अधिकारी कन्नडमध्ये मला म्हणाले, पुढचा दगड कधी पडेल? मी घसा साफ केला आणि सांगितलं की, जोराचा पाऊस झाला की पडेल. साहेबांनी मान डोलावली. मग तिच्याकडे वळले.

"गोत्तिल्लरी," ती म्हणाली. माहीत नाही जी.

साहेब बघतच राहिले. बेळगावात हा शब्द भाजीवालीपासून बसकंडक्टरपर्यंत सगळे वापरतात, पण तज्ज्ञ म्हणून बोलावलेल्या माणसाच्या तोंडून तो कुणी ऐकला नसेल. ती शांतपणे पुढं म्हणाली की, डोंगराकडची बाजू आज वाहनांना बंद ठेवा, मी दोरावरून वर जाते, बघते, मग सांगते. आणि साडीचा काष्टा मारून ती खरोखरच वर गेली. संध्याकाळी खाली आली तेव्हा साहेबांनी तिचा नंबर स्वतःच्या मोबाईलमध्ये घेतला. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुम्हीपण छान सांगितलंत."

त्या दिवसापासून फोन तिला जाऊ लागले. आता गंमत बघा. मी उत्तर देत होतो तर लोक ऐकून घेत होते. ती माहीत नाही म्हणत होती तर लोक विश्वास ठेवत होते. हा कुठला न्याय? मी आरशासमोर उभा राहून एकदा म्हणून बघितलं, 'माहीत नाही.' उत्तर न आलेल्या पोराचा चेहरा झाला. तिच्या तोंडात तोच शब्द अब्रूदार वाटायचा.

घरीही सुटका नव्हती. आमची बायको एकदा तिला कॉलेजच्या स्नेहसंमेलनात भेटली आणि तिची झाली. नंतर मी चष्मा कुठं आहे विचारलं की म्हणायची, "माहीत नाही. बघून सांगते." आणि मुद्दाम माझ्याकडे बघून हसायची.

एका शनिवारी चिकोडीच्या बाजूला एक विहीर बघायला गेलो होतो, तेव्हा परतताना शालननं मला निपाणीला घरी नेलं. आई दारातच बसली होती. वखारीतल्या धुळीनं खोकला कायमचा जडलेला, पण नजर तिखट.

"तुमीबी दगडाचंच शिकलाय व्हय?" म्हातारीनं विचारलं.

"हो आई."

"आमच्या शालीला काय बी इचारा, माहीत न्हाय म्हंती. एवढं पैसं घालून शिकीवलं, तर माहीत न्हाय. तुमाला तर माहीत हाय का?"

"आहे की," मी म्हणालो.

"बरं झालं. एक तर हाय," म्हातारी म्हणाली. आत चहा करणारी शालन एवढी हसली की दूध उतू गेलं. मी तो चहा गिळला.

तेव्हापासून मी वाट बघू लागलो. ही बाई एकदा तरी चुकावी. मोठं काही नको, कुणाचं वाईट व्हायला नको, पण चार माणसांत चुकावी, आणि मी बरोबर ठरावं. देवाकडे मागणं नव्हतं हे, पण देव्हाऱ्यासमोर उभा असताना मनात येऊन जायचंच.

तशी संधी काकतीच्या पुढं, हमरस्त्याला लागूनच असलेल्या एका जुन्या खाणीत आली. काळ्या दगडाची खाण. दगड संपला आणि बंद पडली. खोल खड्डा, त्यात पावसाचं पाणी, आणि एका बाजूला उभी कापलेली उंच भिंत. भिंतीच्या वर, काठाजवळ, एक वस्ती. याच खाणीत दगड फोडत ज्यांची हयात गेली त्यांची घरं, गोठे, एक चिंच. एका कंपनीनं ती खाण घेतली. खड्ड्यातलं पाणी दिवसा उन्हाच्या विजेवर टेकडीवरच्या तळ्यात चढवायचं, आणि संध्याकाळी तेच खाली सोडून वीज काढायची, असा बेत. नवा डोंगर फोडायला नको, नवी जमीन बुडवायला नको, फुकट गेलेला खड्डा कामी येतो. कल्पना उत्तम होती. प्रश्न भिंतीचा होता. खड्ड्यात पाणी रोज चढणार आणि रोज उतरणार, तर ही भिंत टिकेल का? टिकणार नसेल तर वस्ती उठवावी लागणार होती.

काठावर एक भोक पाडलं गेलं. कांड्या आल्या, पेटीत लागल्या, आणि पेटीच्या मधोमध शालननं एक भला लांब लाल ठोकळा बसवला. तेवढा दगड वर आलाच नव्हता.

चिंचेखाली सभा भरली. कंपनीचे साहेब खुर्चीवर, वस्ती सतरंजीवर. वस्तीच्या वतीनं बोलायला पार्वतीआक्का, काठावरचं पहिलं घर आणि गोठा तिचाच. शालन उभी राहिली.

"मधला दगुड हाताला लागल्याला न्हाय. तितं तांबड्या मातीचा कच्चा थर असंल असं मला वाटतंय. पाण्यानं त्यो भिजला की वरचा दगुड घसरंल. काठावरची घरं हलवाय लागतील."

"आणि आमी कुटं जायाचं, बाई?" पार्वतीआक्का म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मग मी उठलो. आणि इथं मला सांगू द्या, कारण माझ्या वाट्याला असे क्षण फार आलेले नाहीत: मी अभ्यास करून उठलो होतो. मी ती भिंत खालून, होडीतून, टोकापासून टोकापर्यंत बघितली होती. मी म्हणालो की, असा थर असता तर तो उघड्या भिंतीत तांबड्या पट्ट्यासारखा दिसला असता, तो कुठंच नाही. आणि दगडातल्या भेगा डोंगराच्या पोटाकडे कललेल्या आहेत, खाणीकडे नाहीत. दगड आत रेलून बसलाय. ही भिंत उभी राहील. घरं हलवायची गरज नाही.

शालननं मान कलती करून सगळं ऐकलं. "तुमचं बराबर असंल, सर," ती म्हणाली. "पर ठोकळ्याच्या जागी काय हाय ते बघिटल्याबिगर मी सही करनार न्हाय."

शेजारी दुसरं भोक पाडायचं ठरलं. या वेळी ती यंत्रापाशी ठाण मांडून बसली. कांड्या वर आल्या. काळ्या, घट्ट, अखंड. तांबड्या मातीचा कणही नाही. पहिल्या वेळी कांडी धरून वर आणणारी कडीच झिजलेली होती. कांडी निसटून भोकात पडली आणि पुढच्या फेरीत तिचा चुरा होऊन वाहून गेली. दगड कच्चा नव्हता, अवजार कच्चं होतं.

शालन कांबळे चुकली होती.

मी बेळगावला आलो आणि किलोभर कुंदा घेऊन घरी गेलो. बायकोनं विचारलं, कशाबद्दल? म्हणालो, शालनम्याडम चुकल्या. तिनं डबा न उघडता फळीवर ठेवला. मी एकट्यानं खाल्ला. लई गोड लागला.

दुसरी सभा भरायच्या आधी मी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बोलायचं काय तेही ठरवलं होतं. थोडं नम्र, थोडं मोठ्या मनाचं. पण माझ्या आधी तीच उठली. हातात तो लांब लाल ठोकळा.

"मी चुकलो," ती म्हणाली. निपाणीकडच्या बायका बोलतात तसं, 'चुकलो'. "जे हरवलंय ते कच्चंच असनार असं मी धरून चाललो. बघिटलं न्हाय, धरून चाललो. पाटील सरांनी भिंत बघिटली हुती. त्यांचं खरं हाय. घरं हलवाय नगोत. तुमाला उगंच घोर लावला, आक्का, ते मनावर घेऊ नगा."

पार्वतीआक्का उठली आणि तिनं शालनच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. साहेब उभे राहून म्हणाले की, भर सभेत असं कबूल करणारा माणूस आम्ही आजवर बघितला नाही, आणि इथून पुढचं सगळं काम म्याडमच्याच सल्ल्यानं होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला एका पोरीनं चहा आणून दिला. त्यात साखर नव्हती.

म्हणजे बघा, मी बरोबर ठरलो त्याची किंमत एक कप चहा, आणि ती चुकली त्याच्या टाळ्या. तिच्याकडे असं काय होतं की चूकसुद्धा तिच्या अंगावर दागिन्यासारखी बसावी? मी जीपमध्ये तोंड फुगवून बसलो. तिनं माझ्या हातावर दाणे ठेवले. मी ते घेतले, कारण भूक लागली होती.

"सर, तुमी रागावलाय," ती म्हणाली.

"नाही."

"रागावलाय. पर माझं बेस झालं बघा. चुकल्याला मानूस मोकळा हुतोय. बराबर ठरल्याला फसतोय. आता ही भिंत तुमची. दर पावसाळ्यात येऊन तुमालाच बघाय लागंल, अजून बराबर हाय का न्हाय ते."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण तिनं थट्टा केली नव्हती. पुढच्याच आठवड्यात तिनं मला काठावर नेलं आणि जिथं जिथं जुनी बारीक भेग होती तिथं आडव्या काचेच्या पट्ट्या चिकटवायला लावल्या. दोन्ही टोकं प्लास्टरनं दगडाला पक्की. भेग केसभर जरी रुंदावली तरी काच तडकते. यंत्रंही बसवली होती कंपनीनं, ती आपली आकडे पाठवत असत. पण पार्वतीआक्काला आकडा कळत नाही, तडकलेली काच कळते, असं शालनचं म्हणणं. शेवटची काच आक्काच्या गोठ्याजवळ लावली. मग तो लाल ठोकळा तिनं माझ्या टेबलावर आणून ठेवला. म्हणाली, "ह्यो तुमचा." मी तो कागद दाबायला वापरतो.

पुढं तिला उत्तरेकडच्या पहाडात, बोगद्यांच्या कामावर, मोठ्या जागेचं बोलावणं आलं. ती गेली. निरोपसमारंभात मी भाषण केलं आणि ते मनापासून केलं. जाणाऱ्याबद्दल चांगलं बोलायला काय जातं? तिची खुर्ची मला मिळाली. फोन परत मला येऊ लागले. पण आता लोक माझं उत्तर ऐकून घ्यायचे आणि शेवटी विचारायचे, "कांबळे म्याडमचा नंबर आहे का हो?"

आणि दर पावसाळ्यात तिचाही फोन येई. तिकडे बर्फ असो, दरड असो. कसे आहात, काय चाललंय, काही नाही. पहिलंच वाक्य, "सर, तुमची भिंत कशी हाय?"

"ठीक आहे," मी सांगायचो. खरं सांगायचं तर मी दरवेळी जाऊन बघत होतोच. पण तिनं विचारलं आणि मी 'बघून सांगतो' म्हटलं, असं कधी झालं नाही. माझं उत्तर तयार असायचं.

यंदाची गोष्ट. पावसाची मोठी झड लागून उघडीप झाली होती. मी सकाळी खाणीकडे गेलो. स्कूटर खाली, हमरस्त्याकडच्या बाजूला लावली, आणि सवयीनं वर भिंतीकडे बघितलं. काठावर कोणीतरी होतं. छत्री बाजूला ठेवून, गुडघे टेकून, पदरानं काच पुसत होतं. मग उठून पुढच्या काचेकडे. एवढ्या लांबूनही ते बूट ओळखू आले.

आई आजारी म्हणून ती निपाणीला आल्याचं मला नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच कळलं की, ती आली आणि मला न सांगता माझ्या भिंतीवर गेली. संताप आला. हिला कोणी सांगितलं? एवढी एक गोष्ट माझी होती. तिनंच दिलेली होती, आणि आता तीच येऊन तपासतेय. मी तिथंच, चिखलात, झाडाआड उभा राहिलो. वर जाऊन भेटावं असं वाटेना.

सगळ्या काचा बघून झाल्यावर ती गोठ्याशी थांबली. पार्वतीआक्काशी काही बोलली. मग तिनं पिशवीतून फोन काढला, आणि माझ्या खिशातला फोन वाजला.

"सर, तुमची भिंत कशी हाय?"

मी तिच्याकडे बघत होतो. ती माझ्या भिंतीवर उभी होती, पाठ माझ्याकडे. पुसलेल्या काचा, बघितलेल्या भेगा, सगळं तिला माहीत होतं, आणि ती मला विचारत होती. आधी एकजण बोलला की दुसऱ्याचे डोळे बिघडतात. तिनं तिचं बघून घेतलं होतं. आता माझी पाळी होती.

'ठीक आहे' हे शब्द जिभेवर आलेच होते.

"माहीत नाही," मी म्हणालो. "अजून वर गेलो नाही. बघून सांगतो."

 मग ती म्हणाली, "बरं. मग मी बी आताच सांगत न्हाय," आणि तिनं फोन ठेवला.

मी वळसा घालून चढाच्या वाटेनं वर पोचलो तेव्हा ती पलीकडच्या पायवाटेनं उतरून गेली होती. पार्वतीआक्का गोठा झाडत होती. गोठा रिकामा होता.

"जनावरं कुठं?"

"शालनबाईंनी मागच्या परड्यात बांधाय लावली. पोरास्नी बी हिकडं फिरकू द्यायचं न्हाय म्हनाल्या. का म्हनून इचारलं तर म्हंत्यात, सर सांगतील."

मी पहिल्या काचेपासून सुरुवात केली. खाली गुडघे टेकून, एकेक. स्वच्छ पुसलेल्या, अखंड. शेवटची गोठ्याजवळची. तिच्यातून एक तिरकी बारीक रेघ गेली होती. नखानं चाचपली. वरचा ओरखडा नव्हता, काच आरपार तडकली होती. आक्काचं वासरू पाय देऊन गेलं असेल, किंवा डोंगर हलला असेल. माझं सगळं बरोबर असणं त्या रेघेवर येऊन थांबलं होतं, आणि रेघेपासून हातभर अंतरावर आक्काचं घर होतं.

मी फोन लावला. "गोठ्याजवळची तडकलीय. बाकी चांगल्या आहेत."

"माझं बी तेच," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत आमचं दोघांचं वाचन पहिल्यांदा जुळलं. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला. मी विचारलं, "मी चुकलो होतो का?"

"गोत्तिल्लरी," ती म्हणाली. "तुमालाबी माहीत न्हाय, मलाबी माहीत न्हाय. लई दिसांनी बरं वाटलं बघा, सर. नवी काच लावा. शेजारी आनखी एक लावा, वासराचा पाय पोचनार न्हाय अशी. कंपनीला आजच सांगा, पानी चढवायचं थांबवा म्हनावं. आक्काला चार दिस मागच्या घरात झोपाय सांगा. मग बघू."

काठावरून खाली हमरस्ता दिसतो. ती तिथं उभी होती, एका हातात फोन, दुसऱ्यात मिटलेली छत्री. निपाणीची बस येताना दिसली तसा तिनं फोन पिशवीत टाकला आणि छत्री उंच करून बस थांबवली. आत चढताना तिनं पुडी काढली. कंडक्टरच्या हातावर काहीतरी ठेवलेलं मला वरून दिसलं. वर तिनं बघितलं नाही. बस गेली. त्यानंतर मी तिला पाहिलेलं नाही.

मी कंपनीला फोन केला. मग पार्वतीआक्काला सगळं सांगितलं, आणि तिनं विचारलं, "भिंत पडनार व्हय, सर?"

"माहीत नाही, आक्का," मी म्हणालो. शब्द अजूनही शालनचाच वाटत होता, उसना आणलेला. पण आक्कानं मान हलवली आणि अंथरूण गोळा करायला आत गेली. मी प्लास्टर कालवायला तिच्याकडे तांब्याभर पाणी मागितलं.